गळ काढून टाकलेली गोष्ट

मास्तरांनी माझ्या बहिणीला फसवलं. ती मेल्यावर फसवलं, त्यामुळं तिला तक्रार करता आली नाही. म्हणून मी करतो.

मास्तर आमच्या गावच्या शाळेत शिकवायचे आणि गोष्टी लिहायचे. माझी बहीण आडात पडून मेली. ती कशी मेली हे मी माझ्या तोंडानं त्यांना सांगितलं, आणि छापताना त्यांनी तिला उडी मारायला लावली.

माझी पुस्तकं निघाल्यापासून कॉलेजातली पोरं घरी येतात. गोष्ट कशी लिहायची, विचारतात. मी शाळेत गेलो नाही. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, आणि आमच्या घरात उर्दू शिकून कुणाला साहेब व्हायचं नव्हतं. मराठी अक्षरं मी तुळजापुरात शिकलो, एका पुजाऱ्याच्या घरी भक्तांसाठी पाणी भरत होतो तेव्हा. पुढं बैलांच्या बाजारात दलाली केली. जे काही लिहिता येतं ते या दोन ठिकाणांहून आलं आहे. आणि थोडं मास्तरांकडून. ते नाकारणार नाही.

त्या काळी बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात हातात, वर उपरणं टाकलेलं, आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव चाललेला. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. "काय पाव्हणं, थोरली लेक नांदायला गेली का?" असं विचारता विचारता माणूस समोरच्याचं बोट असं दाबायचा की त्याच्या कपाळाला घाम यावा. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळायचं नाही. दलालाला कळायचं, कारण तो हाताकडं बघतच नसे, मानेकडं बघत असे.

पोरांना मी हेच सांगतो. तुमच्या गोष्टीतली माणसं मनातला भाव तोंडानं सांगायला लागली की गोष्ट पडली. माझी बहीण माझ्यावर रागावली तर "मला राग आला" असं कधी म्हणाली नाही. माझ्या ताटात ती एक जास्तीची भाकरी हातभर वरून टाकायची.

ती माझ्याहून मोठी. मी तिला आक्का म्हणायचो. नवरा पटकीनं गेला तेव्हा पोरीला कडेवर घेऊन ती माझ्याकडं आली ती कायमची. माझं लग्न झालेलं नव्हतं. घर तिनंच चालवलं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आवाज मोठा, आणि जीभ माझ्याहून तिखट. आमच्या घरात शांततेनं बोलणं म्हणजे कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजायचे.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशीही आमचं वाजलं होतं. उन्हाळा होता, आडाला पाणी खोल गेलेलं. सकाळी तिच्या हातून दोर सुटला आणि पोहरा आत गेला. मी बाजाराला निघालो होतो.

"पोहरा गेला व्हय? आता पाणी काय पदरात आणणार हाय?" मी ओरडलो.

"आणीन की. तुझ्या उपरण्यात आणते, तसंबी तेच्याखाली तू लोकांस्नी लुबाडतूस," ती म्हणाली.

पोरगी खुदकन हसली. मला पण हसू आलं, ते मी दाखवलं नाही आणि तसाच निघालो.

आमच्याकडं एक रीत होती. आडात पडलेलं भांडं काढायला लोखंडी आकड्यांचा गळ लागतो. तो दर घरी नसतो, आळीत एखाद्या घरी असतो. तो मागायला गेलं की आपलं एक भांडं तिथं ठेवायचं. गळ परत दिला की भांडं परत. माणूस सख्खा असला तरी हे चुकत नसे, कारण गळ एकदा दुसऱ्याच्या घरी गेला की कोपऱ्यात पडून राहतो आणि ऐन वेळी सापडत नाही. आमच्या आळीत गळ शेजारच्या काकूंकडं होता. आक्का त्यांच्याकडं गेली, घरातला पितळी तांब्या ठेवला, गळ घेतला आणि आडावर गेली. वाकून गळ फिरवताना काठाचा दगड निखळला.

दुपारी मला बाजारातून बोलावून आणलं तोवर तिला वर काढलं होतं. गळाचा दोर मनगटाला गुंडाळलेला होता. दोर हातातून निसटू नये म्हणून बायका तसा गुंडाळून घेतात. माणसं तो सोडवायला लागली तर सुटेना, भिजून घट्ट बसला होता. मी कुणाला कापू दिला नाही. मी बसून सोडवला. पोरगी दाराशी उभी होती. तिला कुणी जवळ घ्यायला हवं हे कुणालाच सुचलं नाही.

दहावा झाल्यावर काकू तांब्या घेऊन आल्या. ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "पोरा, जाताना मला म्हनली हुती, काकू, तांब्या घासून ठेवा, फुकट कशाला ठेवून घेता. हसत गेली बघ." एवढं बोलून त्या तिथंच बसून रडल्या. मी त्यांना पाणी दिलं ते त्याच तांब्यातून.

घरात बाई राहिली नाही. भाकरी मी थापायला लागलो, त्या कधी कच्च्या, कधी करपलेल्या. अशा दिवसांत मास्तर आमच्याकडं येऊ लागले. ते वाशीमकडचे, एकटे राहायचे. शाळेत उर्दू शिकवायचे आणि घरी येऊन मराठीत गोष्टी लिहायचे, त्या सोलापूरच्या एका मासिकात छापून यायच्या. मी त्यांना शेंगा भाजून द्यायचो, ते मला गोष्टी वाचून दाखवायचे. त्या मला आवडायच्या. पोरीलाही आवडायच्या. ती त्यांच्या पायाशी बसून ऐकायची.

एकदा मी म्हणालो, "मास्तर, हे तुम्हाला जमतं कसं?"

"काय झालं ते सांगायचं नाही," ते म्हणाले, "काय दिसलं ते सांगायचं. सांगा बघू, तुमच्या आक्का कशा होत्या?"

मी म्हटलं, लई चांगली होती. ते म्हणाले, हे मला दिसत नाही. मग मी गोंदण सांगितलं. जास्तीची भाकरी सांगितली. सकाळचं भांडण सांगितलं, काकूंचा तांब्या, मनगटावरचा दोर, सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलो. ते ऐकत होते, मध्येच विचारायचे, लुगडं कुठल्या रंगाचं? आडाजवळ झाड कुठलं? मला वाटलं, माझ्या दुःखाची एवढी चौकशी करणारा माणूस मला भेटला. घरी येणाऱ्या माणसाला आपलं दुःख सांगणं हा गुन्हा नाही. गुन्हा मी केलेला नाही.

पुढं मास्तरांची बदली जिल्ह्याच्या गावी झाली. पोरगी मोठी होत गेली, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं लौकरच तिच्यासाठी स्थळ बघायला लागलो. हद्दीपलीकडचं, सोलापूरकडचं एक चांगलं घर मिळालं. मुलगा शिकलेला, पोरगी त्यांना पसंत. सुपारी फोडायला माणसं आली तेव्हा मुलाच्या चुलत्यानं पिशवीतून मासिक काढलं. तो गिरणीत कारकून होता, वाचणारा होता.

"दलाल, ही गोष्ट तुमच्याच घरची न्हवं?"

मी ती तिथंच मोठ्यानं वाचली. गाव आमचं होतं, नाव तेवढं नव्हतं. आडाजवळचा लिंब होता. हिरवं लुगडं, हनुवटीवरचे तीन ठिपके, बैलांचा दलाल भाऊ, पोहरा, भांडण, सगळं जसंच्या तसं. फक्त त्या बाईनं गळ आणला नव्हता. तांब्या नव्हता. भावाच्या घरचं ओझं झालो म्हणून ती रिकाम्या हातानं आडावर गेली, दारात झोपलेल्या लेकीकडं एकदा वळून बघितलं आणि उडी टाकली.

"हे खोटं हाय," मी म्हणालो.

"लिंब खोटा हाय का? ह्यो काय समोर दिसतोय. गोंदण खोटं?" चुलता म्हणाला. "पोरीला टाकून आईनं आड जवळ केला, आन् तुमी म्हनला दगड निखळला. अवो, असं असलं तर आदी सांगायचं. आमाला काय, आमी पाव्हणं म्हणून आलो, तसं जाऊ."

मी उठून त्याचं पागोटं उडवलं. सोयरीक मोडली, ती माझ्या हातानं मोडली असं गावानं म्हटलं. पण ती आधीच मोडलेली होती.

पोरीनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. रात्रीच्या स्वयंपाकाला तिनं चूल पेटवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मामा, आई खरंच गळ घेऊन गेलती का?"

"अगं, तूच होतीस की घरी."

"मला आठवत न्हाय. मला ती वळून बघितलेली आठवतंय."

तिला ते आठवणं शक्य नव्हतं. ते मास्तरांनी लिहिलेलं होतं. पण तिच्या डोळ्यांत ते आता उभं होतं, आणि माझी खरी आठवण तिथं शिरायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडं गेलो. ते माझ्यासाठी चहा करायला लागले. मी म्हटलं, चहा राहू द्या. गळ का काढला?

ते स्टोव्हला पंप मारत राहिले. मग म्हणाले, "अहो, गळ ठेवला तर अपघात होतो. अपघाताची गोष्ट होत नाही. माणसानं काहीतरी ठरवलं पाहिजे, तर वाचणारा हलतो."

"ती पोहरा काढायचं ठरवून गेली होती."

"ते पुरत नाही. आणि ती बाई म्हणजे तुमची बहीण नव्हे. ती कथेतली आहे."

"मग गोंदण का ठेवलं?"

"ते फार चांगलं होतं," मास्तर म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले, पण खरं म्हणाले.

मी म्हटलं, मासिकात लिहा, की हे मी रचलं. ते म्हणाले, कथाकार असं लिहीत नसतो. मी म्हटलं, मग पोरीला येऊन सांगा, तुमच्या पायाशी बसून तिनं गोष्टी ऐकल्या आहेत, तुमचं ऐकेल. "बघतो," म्हणाले. मग रझाकारांचे दिवस आले, कोण कुठं गेलं कळेना. ते आले नाहीत. हैदराबाद मोकळं झालं, रस्ते सुरळीत झाले, तरी आले नाहीत.

पोरीला पुढं माकणीला दिली, बिजवराला. माणूस वाईट नाही, पण तिच्या बापाच्या वयाचा. आई जीव देऊन मेली म्हटल्यावर दुसरं घर मिळालं नाही.

तेव्हा मी लिहायला बसलो. मला लेखक व्हायचं नव्हतं. मला गळ परत गोष्टीत घालायचा होता. मास्तरांनी शिकवलं होतं तसंच लिहिलं, जे दिसलं ते. तांब्या ठेवताना आक्का काय बोलली, कशी हसत गेली, दोर कसा गुंडाळला. पुष्कळ कागद फाडले. पुरतं झाल्यावर माकणीला गेलो आणि तिच्या ओसरीत बसून वाचून दाखवलं. तिनं निवडायचं सूप बाजूला ठेवून ऐकलं. मध्ये एकदा हसली, आक्का उपरण्यात पाणी आणते म्हणाली तिथं. मला वाटलं, जिंकलो.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, लई चांगलं लिवलंय तुमी."

"आता पटलं?"

ती सूप पुढ्यात ओढून खडे वेचायला लागली. "तुमी माझ्यासाठी लिवलंय न्हवं. मला बरं वाटावं म्हणून. मास्तरांस्नी काय पडलं हुतं खोटं लिवायचं?" मग खाली बघून म्हणाली, "मामा, खरं सांगा. त्या दिवशी तुमी तिला आजून काय बोलला हुता?"

मी जेवून निघालो. तिनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

म्हणून पोरांनो, लिहायला बसाल तेव्हा एवढं ध्यानात घ्या. खरा तपशील फुकट मिळत नाही. गोंदण घेतलं की त्याच्याबरोबर माणूस येतं, त्याची लेक येते. खरा लिंब, खरं लुगडं, खरा आवाज हे सगळे साक्षीदार आहेत, आणि तुम्ही त्यांना खोट्याच्या बाजूनं उभं केलंत तरी ते मुकाट्यानं साक्ष देतात. वाचणारा त्यांच्यावर विश्वास ठेवतो. रचायचं तर खुशाल रचा, मी आयुष्यभर तेच केलं. पण मग हनुवटीही रचा, आडही रचा. आणि अपघाताची गोष्ट होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक बाई हसत हसत पोहरा काढायला जाते आणि परत येत नाही, यात न हलणारा वाचणारा असेल तर तो गेला तरी चालेल.

मास्तर अजून आहेत. त्यांचा सत्कार झाल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं, ग्रामीण जीवनाचं सच्चं दर्शन घडवलं म्हणून. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात घेतली आहे असंही ऐकलं. माझी भाची आता थकली आहे. आपली आई आपल्याला टाकून गेली असं समजत ती पोरगीची बाई झाली, बाईची म्हातारी व्हायला आली. माझं ती ऐकत नाही, ऐकणार नाही. मास्तर, तुमचं ऐकेल.

मास्तर, माकणीला मोटार जाते. जा, तिच्या ओसरीत बसा, आणि तिच्या तोंडाकडं बघून सांगा की ती उडी तुम्ही मारायला लावली. नाही जात? मग का नाही जात ते तरी सांगा. मला नको, तिला सांगा.