अंगठ्याएवढी जागा

गोडादरा वस्तीतल्या निंबाने अर्धं आयुष्य कापडाच्या लूमवर काढलं. तुटलेलं सूत तो न बघता जोडायचा आणि त्याची गाठ कधी सुटत नसे. पंचाण्णव साली लूमच्या खडखडाटाने कान बसू लागले, तेव्हा तो जंगलांचा अभ्यास करणाऱ्या जयश्रीताईंकडे कामाला लागला. मांडवीजवळच्या उजाड टेकडीवर पुन्हा जंगल उभं राहतं का, हे त्या पाहत होत्या. कोणत्या जातीची रोपं तग धरतात ते कळावं म्हणून प्रत्येक जातीला वेगळ्या रंगाचं सूत बांधायचं काम निंबाचं.

पावसाळ्यात रोपं जोमाने वाढली. दिवाळीत पाहतात तो सूत खोडांत रुतलेलं, आणि शिवणीचं एक रोप नेमकं गाठीपाशी मोडलेलं.

"निंबाभाऊ, फास लावलात की हो!"

"ताई, सैल गाठीला आमचा शेठ शिव्या द्यायचा."

दोघांनी ब्लेडने फास कापले. पुन्हा बांधायला घेतलं, पण निंबाची बोटं ऐकेनात. सूत हाती आलं की आवळायचीच. तो घाबरला, हे जमलं नाही तर परत लूमवर जाणं आलं.

ताई म्हणाल्या, "खोडाला अंगठा लावा, खोड नि अंगठा मिळून बांधा, मग अंगठा काढून घ्या."

जमलं. इतकं जमलं, की एक दिवस घरी त्याच्या बायकोच्या, पुष्पाबाईच्या, धुतलेल्या साड्या त्याने बांधलेल्या दोरीसकट गटारात पडल्या.

"झाड वाढस," ती कडाडली, "दोरी बी वाढस का?"

निंबाने दोरीला लूमवरची जुनी, घट्ट गाठ मारली. फक्त अंगठा आतच राहिला.