बैलांचे पाय

चिखलाला आमच्या साडूंइतका भिणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि पावसाळ्यात डोंगरावर गेल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही असाही दुसरा कोणी सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात, हे कोडं माझ्या मेहुणीला संसाराची इतकी वर्षं होऊनही सुटलेलं नाही. बाकीची माणसं भीती वाटते म्हणून डोंगर टाळतात. साडूंना भीती वाटते म्हणून ते डोंगराची चौकशी करतात. अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. समोर आलेला प्रत्येक तुकडा उजेडात धरायचा, बोटाने चाचपायचा आणि शक्यतो नापास करायचा, ही सवय त्यांनी पगारासोबत घरी आणली. आंब्याची पेटी, जावयाचं स्थळ, गॅसची नळी, सगळ्यांना एकच न्याय. मला त्यांनी पहिल्या भेटीत नापास केलं होतं असं बायको सांगते. पुढे केव्हातरी पास केलं असावं, कारण त्यांच्या डोंगरवाऱ्यांचं बोलावणं मला येऊ लागलं.

बोलावणं आलं म्हणजे जायला मिळेल असं नाही. आधी बुटांची परीक्षा. साडू आपल्या न्हाणीघराच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतत आणि आम्हाला बूट घालून त्यावर एका पायावर उभं करत. डोंगराने आजवर आमच्या घरातल्या कुणाचं हाड मोडलेलं नाही. साडूंच्या न्हाणीघराने मात्र माझ्या बायकोचं मनगट मोडलं. त्यावर साडू घाम पुसत म्हणाले, "घरी कळलं ते बरं झालं. वर कळलं असतं तर?" हे 'वर कळलं असतं तर' ते इतक्या मनापासून म्हणत, की ऐकणारा आपोआप भिंतीला धरायचा. भीती त्यांची, पण प्रसाद सगळ्यांना. त्यांच्याबरोबर शनिवारची संध्याकाळ काढली, की रात्री मला दरीची स्वप्नं पडत. गाडीच्या डिकीत दोरखंड, काठ्या, शिट्टी आणि गळ्यात अडकवायला आमच्या रक्तगटाच्या चिठ्ठ्या. एवढी जय्यत तयारी करून बहुतेक रविवारी आम्ही कुठे जात असू, तर मिसळ खायला. कारण शनिवारच्या फोनवर डोंगर नापास झालेला असे.

हा फोन म्हणजे साडूंच्या आयुष्यभराच्या तपासणीचा कळस. त्र्यंबकच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी हिराबाईंची चहाची टपरी आहे. फोन त्यांना. पण वाटेवर चिखल किती, असं साडू त्यांना चुकूनही विचारत नसत. "माणसाला वाट कधी विचारू नये," ते मला समजावत. "आपली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. या की, काय नाय होत, असंच सांगणार. बैल खोटं बोलत नाही." हिराबाईंचे दोन बैल रोज त्याच वाटेने वरच्या माळावर चरायला जात आणि संध्याकाळी उतरत. तेव्हा साडूंचा प्रश्न ठरलेला : बैलांच्या पायाला चिखल कुठवर आलाय? खुरापर्यंत असेल तर जायचं. गुडघ्यापर्यंत असेल तर विचार करायचा. पोटाला लागला असेल तर मिसळ. हिराबाईंना या प्रश्नाचं सुरुवातीला हसू यायचं, पुढे त्याही सवयीने गोठ्यात डोकावून उत्तर देऊ लागल्या. शहरातल्या माणसांना कशाकशाची हौस असते, असं त्यांना वाटत असणार.

रेवा, माझी मुलगी, त्या वर्षी नुकतीच कॉलेजात गेली होती. काकांबरोबर मला एकदा खरोखरच वर जायचंय, मिसळ पुरे झाली, असा तिने धोशा लावला. आठवडाभर पाऊस कोसळत होता, त्यामुळे शनिवारी काय उत्तर येणार हे मला ठाऊक होतं आणि मी मनातून निश्चिंत होतो. साडूंनी माझ्यासमोर फोन लावला, आवाज मोठा करून ठेवला.

"हिराबाई, बैलांच्या पायाला चिखल?"

"नाय भाऊ. कायच नाय. आरशावानी पाय हायेत आज!"

साडूंनी पुन्हा विचारलं. पोटाला? नाही. खुराला? नाही. असा निकाल त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. "वरचा निचरा झाला असणार," ते म्हणाले. मला ते पटेना, पण बैलापुढे माझं काय चालणार?

रविवारी सकाळी निघालो. रस्त्यात गावोगावी बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. साडूंनी गाडी थांबवून फोटोदेखील काढले. "काय स्वच्छ जनावरं ठेवतात हो!" असं कौतुकाने म्हणाले. टपरी बंद होती. हिराबाई गावात असतील म्हणून आम्ही तसेच निघालो, आणि दोरखंड डिकीतच राहिला. कोरड्या वाटेला दोर कशाला?

पहिल्या चढावरच बूट रुतू लागले. साडू वाकून बोटाने चिखल चाचपू लागले. मी म्हणालो, परत फिरू. रेवा म्हणाली, तेवढं वळण बघू. त्या वळणावर वाट डोंगराच्या कडेने आडवी जाते, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला, धुकं होतं म्हणून दिसत नव्हतं, पण काही नव्हतं. रेवाने पाऊल टाकलं आणि ती वाटेवरून नाहीशी झाली. ओरडलीसुद्धा नाही. मी पुढे झालो तेव्हा ती खाली उतारावर कारवीच्या झुडपाला दोन्ही हातांनी धरून पालथी पडली होती आणि तिच्या पायांखालची माती सुटून धुक्यात जात होती. माझे पाय जागचे हलेनात. एवढी भीती मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

आणि न्हाणीघरात भिंत धरून चालणारे आमचे साडू चिखलात पालथे झाले आणि पोटावर सरकत उताराला लागले. "माझे पाय धरा," एवढंच मला म्हणाले. मी त्यांचे घोटे धरले, तेव्हा मला कळलं की ते थरथरताहेत. पायच नव्हे, अख्खा माणूस. आवाज मात्र तपासणी खात्यातला. "रेवा, खाली बघू नकोस. माझ्या टकलाकडे बघ. डावा पाय कशावर आहे? दगड? हलतो का? दाबून सांग. घाई नाही." ती रडत उत्तरं देत होती आणि ते एकेक दगड पास-नापास करत होते. शेवटी तिचं मनगट त्यांच्या हातात आलं. मी दोघांना ओढलं की त्या दोघांनी मला, ते आठवत नाही. उरलेली वाट आम्ही तिघं एकमेकांना धरून बसत, घसरत उतरलो. कुणीही उभं राहिलं नाही.

खाली टपरी उघडली होती. हिराबाई पोळीचा नैवेद्य घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या, आम्हाला पाहून त्यांच्या हातातलं ताट कलंडलं. "अगं बया, वर गेल्ते का तुम्ही?"

"तुम्हीच म्हणालात, पाय स्वच्छ आहेत," साडू म्हणाले.

"मंग व्हतेच की! आज पोळा नाय का? काल खांदमळणी. नदीवर नेऊन घासून घासून धुतली बैलं." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. "भाऊ, वाटंचं इचारलं आस्तं तर म्या पाऊल नस्तं टाकू दिलं. लय वंगाळ झालीय वाट."

रागावण्यासारखं कुणीच नव्हतं. साडू बाकावर बसले. चहाचा पेला समोर तसाच निवत होता, तो रेवाने उचलून त्यांना पाजला. "तुकडा धुतलेला आहे का, हे आधी विचारायला हवं होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हिराबाई रेवाच्या खरचटलेल्या हातांना हळद लावत होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

आता साडूंचे गुडघे गेले आहेत. जिना चढतानाही ते प्रत्येक पायरी तपासतात. रेवा बंगळुरूला नोकरी करते. पण पावसाळ्यातल्या दर शनिवारी साडूंचा हिराबाईंना फोन जातो, आणि मग रेवाला निरोप : उद्या डोंगरावर जाऊ नकोस, चिखल आहे. ती बंगळुरूहून उत्तर पाठवते, नाही जात काका. आम्ही सगळे याला हसतो. रेवा हसत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका कामानिमित्त त्या बाजूला गेलो, म्हणून चहाला थांबलो. गोठा रिकामा होता. दावणीला सरपण रचलेलं. तेवढ्यात हिराबाई काठी टेकत डोंगराकडून उतरून आल्या. लुगडं वर खोचलेलं, पाय चिखलाने माखलेले.

"बैल कुठे गेले?"

"इकली की कवाच. आता टॅक्टर येतो भाड्यानं."

"मग आमच्या साडूंना तुम्ही सांगता काय?"

"म्या जाऊन येते ना वळणापत्तुर. आज शनवार हाय, फोन येईल त्येंचा." त्या पायरीवर टेकल्या. "पोरगी पडली तवापासनं बैलांवर भरोसा नाय ठेवला म्या."

"अहो, पण ते आता चढत नाहीत. कुणीच येत नाही. तुम्ही एकट्या जाता, घसरलात म्हणजे?"

"म्हाईत हाय मला, येत नाय कोणी. पन येवढं जिवाच्या भ्यानं इचारतात, तर खोटं कसं सांगावं?"

फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि आपल्या पायांकडे पाहिलं. "नाय भाऊ, धुतलेले नायत. आज गुडघ्यापत्तुर हाय. पोरीला सांगा, नको म्हनावं." पलीकडून साडूंचा सुटका झाल्यासारखा आवाज मला ऐकू आला, "बरं झालं विचारलं." मी तिथे आहे हे मी त्यांना कळू दिलं नाही. हिराबाईंनी फोन ठेवला आणि पाय धुवायला पाणी मागितलं. मी कळशी उचलली.