कपाटातला पापड

ह्यांच्या पुस्तकांच्या कपाटात पावसाळाभर एक उडदाचा पापड असायचा. तो ओलीने मऊ पडला की हे आत विजेचा दिवा लावून ठेवत. यंदा हे नाहीत, म्हणून लेकीने हवेतली ओल मोजणारं मुठीएवढं यंत्र आणलं. ते कपाटात धरून मी वाकून पाहिलं, तर आकडा चढतच गेला. पुस्तकांच्या काळजीने मी आणखी जवळ वाकले.

“आई, त्याच्यावर श्वास नको सोडूस,” लेक म्हणाली. “ते तुझीच ओल मोजतंय.”

मी मागे सरले, तसा आकडा उतरला. पुस्तकं कोरडी होती. माझ्यात मात्र अजून ओल आहे, हे कळून बरं वाटलं. सवयीने ठेवलेला पापड चाचपला, तोही कडक होता. संध्याकाळी भाजून आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला.