स्पेनच्या गावात अप्पा

डब्यांची झाकणं आणि किस्से, दोन्ही आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत सारखेच साठतात. कुठलं कुणाचं ते आठवत नाही, पण टाकून द्यायलाही हात धजत नाही! बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातला आमचा डबा ग्रुप तिघांचा. मी आणि कौस्तुभ पुण्याहून आलेले, मंजिरी जन्माने बेंगळुरूची. मागे सुट्टी टाकून आम्ही स्पेनला गेलो, तेव्हा मंजिरीने वडिलांना, म्हणजे अप्पांना, सोबत घेतलं.

अप्पा सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. बायपास होऊन जेमतेम सात महिने झाले होते. "वेड लागलंय का तुला?" असं सगळे नातेवाईक मंजिरीला म्हणाले. पण अप्पांनाच जायचं होतं, म्हणून ती हट्टाने निघाली. निघाली खरी, पण सगळ्या ट्रिपमध्ये तिचा एक डोळा अप्पांवर! त्यांना धडधाकट घरी आणेपर्यंत तिला चैन नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

*

आता सांगते ते सगळं एकाच दुपारचं. बार्सिलोनात उघड्यावरचं एक म्युझियम आहे. स्पेनभरच्या जुन्या घरांसारखी हुबेहूब घरं बांधून तिथे अख्खं गाव उभं केलंय. चौक, गल्ल्या, पायऱ्या, अधूनमधून कारागिरांची दुकानं. राहत मात्र तिथे कुणीच नाही.

हे कौस्तुभला कुणी सांगितलं नव्हतं!

एका घराचं नक्षीदार दार बघून त्याने अदबीने कडी वाजवली. आतून बघू द्याल का, असं विचारायचं होतं म्हणे. पाच मिनिटं थांबला, केस नीट केले, पुन्हा वाजवली. दारामागे नुसती भिंत होती हे आम्हाला बाजूने दिसत होतं, पण आम्ही गप्प!

शेवटी परत आला आणि म्हणाला, "बाहेर गेलेत वाटतं."

*

माझीही फजिती सांगून टाकते. तीन महिने ॲपवर स्पॅनिश शिकले होते. मातीची भांडी घडवणाऱ्या एका आजोबांकडे पाणी मागायला गेले, तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "अण्णा, स्वल्प नीरु कोडी!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं आणि गार पाणी भरून दिलं.

बेंगळुरूत सात वर्षं झाली, पण माझं कन्नड पहिल्याच फटक्यात कळलेला तो पहिला माणूस!

*

गावाच्या टोकाला जुन्या मठाची प्रतिकृती आहे. अप्पांनी सवयीने दाराशी बूट काढले, भिंतीला लावून ठेवले आणि हात जोडून आत गेले. आम्ही मागून पोचलो, तर दाराशी बुटांच्या अकरा जोड्या! मागून आलेल्या टूरिस्टांना वाटलं, इथला नियमच असणार.

"अप्पा, हे म्युझियम आहे, देऊळ नाही!" मंजिरी कुजबुजली.

"ठाऊक आहे ग. पण आता यांना कोण सांगणार?"

*

आणि मग चार वाजता अप्पा गायब!

मंजिरी फोटो काढत होती, तेवढ्यात ते कुठल्या तरी गल्लीत वळले. फोन तिच्या पर्समध्ये, गोळ्याही तिच्याच पर्समध्ये. कौस्तुभ म्हणाला, "तुम्ही खाली बघा, मी वरचा भाग बघून येतो," आणि "अप्पा! अप्पा!" करत उन्हात पायऱ्यांवरून धावत सुटला. रोज जिमला जाणारा तो, त्याची आम्हाला काळजी नव्हती.

वीस मिनिटं आम्ही सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मंजिरीचा चेहरा पांढराफटक. शेवटी गेटवरच्या गार्डला गाठून ती इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील हरवलेत. इंडियन आहेत, हार्ट पेशंट आहेत."

गार्ड एकदम गंभीर झाला. "एक इंडियन माणूस वरच्या पायऱ्यांवर कोसळलाय. फर्स्ट एडच्या खोलीत ठेवलंय."

मंजिरी "मीच आणलं त्यांना, मीच आणलं" एवढंच बोलत होती. मी तिचा हात घट्ट धरला आणि आम्ही धावलो. खोलीचं दार तिला उघडवेना. मी उघडलं.

कॉटवर कौस्तुभ आडवा पडला होता, भिजल्या मांजरासारखा! अप्पा शेजारी स्टुलावर बसून म्युझियमच्या नकाशाने त्याला वारा घालत होते.

"मी आरामात टोपल्या विणणाऱ्यांना बघत बसलो होतो," अप्पा म्हणाले, "तर हा माझ्या नावाने ओरडत आला आणि माझ्या पायाशीच कोसळला. सकाळपासून पोटात काही नाही म्हणे, डाएट आहे! नर्सने साखरपाणी दिलंय. सरी होईल, बरा होईल आता."

आमचा जीव भांड्यात पडला. मंजिरी अप्पांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागली. अप्पांनी तिला थोपटलं, कौस्तुभच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तिला चांगलंच खडसावलं.

"मंजू, एवढ्या लांब आणण्याआधी याला एकदा डॉक्टरला दाखवायचं नाही का?"