वाडग्यातली पांढरी अंडी

साबुदाणा चाळणीत ओतला, पाणी मोरीत गेलं, वर झाकण ठेवलं, आणि तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यात दुसरा वाडगा दिसला. त्यात साबुदाणा. मग मी निथळलं काय? कॉलेजात बेडकांवर प्रयोग करणाऱ्या वरच्या ताईंची बेडकाची अंडी होती ती.

अख्ख्या सिल्व्हर पार्क सोसायटीत अशी बाई दुसरी नाही, सांगते ना. लोक कुत्रा पाळतात, ही कॉलेजातला एसी बंद पडला म्हणून अंडी घरी आणते, आणि वरच्या मजल्यावर उकडतं म्हणून माझ्याकडे, तळमजल्यावर, माझ्याच वाडग्यात. पांढऱ्या बेडकीची, म्हणून पांढरीफेक. जाताना म्हणाल्या, "फक्त बघ, हात लावू नको." रिक्षावाल्याला पण विचारतील, "भैया, मेंढक की पीठ कैसे बनती है, मालूम है?" आणि तो बिचारा सिग्नल सुटला तरी ऐकत राहतो.

मी सातवी शिकलेली, तरी मेथी निवडता निवडता मला सगळं सांगायच्या. म्हणे सुरुवातीला पेशी सगळ्या सारख्याच. एक प्रोटीन ओरडत सुटतं, कातडी व्हा, कातडी व्हा. दुसरं येऊन त्याचं तोंड दाबतं, की तिथं मेंदू होतो. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सासूबाईंना कुणी गप्प केलं तर माझं पण डोकं चालेल?" ताई इतक्या हसल्या की चष्मा मेथीत. "अगं, तू आमच्या सरांना शिकवायला ये," म्हणाल्या. असं मला कुणी कधी बोललंच नव्हतं.

तर अंडी परत वाडग्यात घातली, त्यांनी बाटलीत ठेवलेलं पाणी ओतलं, बाळ कडेवर रडतंय, आतून सासूबाई विचारतायत, "खिचडी झाली का गं?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी भिंगातून पाहिलं. बरीच मेलेली, उरलेल्यांची पाठच धड नाही. मला एका शब्दानं विचारलं नाही. "अंड्यांत प्रोटीनचा थेंब माझ्याच हातून जास्त पडला," म्हणाल्या. मग आठवडाभर ती बाई वह्या उलटीपालटी करून स्वतःची चूक शोधतेय, जेवणाची शुद्ध नाही. मी डबा घेऊन जायचे, सांगायला तोंड उघडायचे, आणि वाटायचं, कळलं तर या मला परत काही सांगणार नाहीत. मग डबा ठेवून खाली यायचे.

नवीन अंडी आणली ती पण माझ्याच हातात दिली. "तुझ्याइतकं जपून कोण ठेवतं?"

आता परदेशात असतात त्या. फोन करतात, बाळाचं विचारतात, मध्येच म्हणतात, तो प्रयोग का बिघडला ते अजून कळलं नाही गं. मी म्हणते, हो ना ताई. माझ्या जागी तुम्ही असता, तर सांगितलं असतं का?