काटाबाई

राग आला की काटाबाईंचा आवाज खाली यायचा. त्या कुजबुजू लागल्या की मुख्याध्यापक घाईघाईने शिपायाला चहा आणायला पाठवत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या त्या शाळेत मी ग्रंथपाल होते. बाई अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना शिकवत.

बुद्धिमापन चाचणीचा एक आकडा बघून कुणी मुलाला मतिमंद म्हणालं, की बाई विचारत, "पुन्हा मोजलं का? दुसऱ्या कुणी मोजलं का? सकाळी किलो आणि दुपारी पाऊण दाखवणाऱ्या काट्यावर मी कांदेसुद्धा घेत नाही." त्यावरून हे नाव पडलं. संस्थेची मंडळी ते दुसऱ्याच अर्थाने घेत. काटा त्यांना रुतत होता.

जवळच्या तळवली गावातली एक मुलगी दुसरीत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला होडीचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "होरी." त्यांनी 'होळी' ऐकलं आणि चूक दिली. घोड्याला ती 'घोरा' म्हणाली, तर उच्चारदोष लिहिला. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो; आगरी घरातली मुलगी आगरी बोलली, एवढंच घडलं होतं. शेरा मिळाला: मतिमंद, विशेष शाळेत पाठवावे.

तिचे वडील बाईंपुढे येऊन उभे राहिले. "माजी पोर येरी हाय का, बाय?"

"वेडी नाही, दादा. तिला विचारणाऱ्यांनाच ती कळली नाही."

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी दारातच होते. "सर, ही चाचणी काय मोजते? बुद्धी, की आपली मराठी?"

"उगाच टेन्शन घेता, बाई. सगळं नियमाप्रमाणे झालंय."

"मग नियमाप्रमाणेच पुन्हा होऊ दे. आगरी समजणारा परीक्षक मी शोधते. तोवर तिचं नाव पटावरून काढायचं नाही."

शाळा सुटली तरी त्या सरांसमोरच्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. शेवटी फेरचाचणीसाठी दिवाळीनंतरचा दिवस ठरला.

दिवाळीच्या आधीच बाई गेल्या. हृदयविकाराने. शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, "बाई फार मृदू स्वभावाच्या होत्या." जिवंतपणी जिचं बोलणं ऐकवत नव्हतं, तिला मेल्यावर मृदू करून टाकलं. मला किळस आली.

सुट्टीनंतर ठरल्या दिवशी बापलेक आले. मुलीच्या वेण्यांना नव्या रिबिनी होत्या. बाईंनी शोधलेल्या परीक्षकांना मात्र शाळेने येऊ नका म्हणून कळवलं होतं. मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "बाई गेल्या, तो विषयही संपला. निकाल लागलेला आहे."

मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. मुलगी घाबरून वडिलांमागे गेली. त्यांनीच मला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे, बाय. पोर उत्तर द्यायला आली व्हती. इचारनारीच गेली."