देल्फिनाची लोखंडी कढई

व्हेर्चेल्लीच्या देल्फिनाचा जगात एकच शत्रू होता, आणि तो दूर तिकडे रोममध्ये फुटबॉल खेळत होता. त्याचं नाव तोत्ती. गुन्हा एवढाच, की तो गोल करायचा, आणि फार करायचा.

इटलीच्या पहिल्या श्रेणीत सर्वांत जास्त गोल सिल्व्हियो पिओलाचे, दोनशे चौऱ्याहत्तर. आणि पिओला व्हेर्चेल्लीच्या मैदानावर घडलेला. गावाच्या संघाने एके काळी सात वेळा देशाचं अजिंक्यपद जिंकलं होतं. आता संघाचं कसं चाललंय हे पाहुण्यांपुढे कुणी काढत नाही. "पिओलाचा विक्रम गेला की गावाकडे तांदूळ आणि डास एवढंच उरेल," असं देल्फिना म्हणायची.

तिचा नवरा गाउदेन्झिओ शेजारच्या नोव्हाराचा. पिओला उतारवयात तिथे खेळला. दोन्ही गावांनी आपापल्या मैदानाला त्याचंच नाव दिलंय, त्यामुळे या दोघांच्या संसारात भांडणाला कधी दुष्काळ पडला नाही.

"म्हातारपणी त्याला सांभाळलं कोणी? आम्ही!" गाउदेन्झिओ म्हणायचा.

"वाढवला आम्ही. तुम्ही नुसते आयत्या बिळावरचे नागोबा!"

देल्फिनाची छोटी खानावळ होती. रविवारी भात, घेवडा आणि सलामी एकत्र शिजवून ती पानिस्सा करायची, आणि टीव्हीवर रोमचा सामना लागला की लोखंडी कढईवर हात ठेवून उभी राहायची. लोखंडाला हात लावला की अरिष्ट टळतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकदा तोत्ती पेनल्टी घ्यायला आला आणि हिने घाईत चुलीवरची तापलेली कढईच धरली. गोल झालाच.

"चटका मला आणि गोल त्याला! हा कुठला न्याय?"

अशी वर्षं गेली. ती नवसच बोलली: विक्रम वाचला तर सगळ्या गल्लीला फुकट जेवण. पण डोळ्यांत तेल घालून पाहता पाहता तिला त्या माणसाची चाल, त्याची दुखणी, त्याचा रुसवा, सगळं पाठ झालं. "आज पाय ओढतोय. अशा पावसात कशाला उतरवतात मेले?" असं ती पुटपुटली की गाउदेन्झिओ मिशीत हसायचा.

"शत्रूची खबर ठेवावी लागते," ती फणकारायची.

तोत्ती अडीचशेवर अडकला, आणि मे महिन्यातला त्याचा शेवटचा सामना आला. विक्रमाला आता धोका नव्हता. नवसाची पानिस्सा शिजली होती, खानावळ खचाखच भरली होती. उत्तरार्धात तो मैदानात उतरला. थोड्या वेळाने चेंडू त्याच्या पायाशी आला, आणि गाउदेन्झिओने सवयीने बायकोकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात ॲप्रनमध्ये घट्ट आवळलेले.

"अगं, कढई!"

"गप्प बस!" आणि देल्फिना टीव्हीकडे बघून ओरडली, "मार रे मेल्या, मार एकदाचा!"

खानावळीतले सगळे घास तोंडाशीच थांबले.

गोल काही झाला नाही. सामना संपला. लोकांनी टाळ्या पिटल्या, पिओलाच्या नावाने पेले उंचावले. देल्फिना ॲप्रनने डोळे पुसत उभी होती.

"काकू, विक्रम राहिला! रडता कशाला?" कुणीतरी विचारलं.

"आता दर रविवारी मी शिव्या कुणाला घालू?"

गाउदेन्झिओने पानिस्साची भरलेली ताटली तिच्या हातात दिली. "मी आहे की," तो म्हणाला. "नोव्हाराचा."